टॅक्स कमी करा म्हणताय? गप बसा की राव

सांगलीकर हो, पहिलं काय करा, ते "टॅक्स कमी करा, खर्च आटपा" म्हणणं बंद करा. पैशाची गरज सरकारला असते, आपल्याला नसते, एवढं कळायला काय सीए लागत नाही.

आणि टॅक्सला जीव लावायला शिका, तो कधी सोडून जात नाही. जकात गेली म्हणून खूश झाला तोवर एलबीटी, म्हणजे महापालिकेचा स्थानिक संस्था कर, आला, व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, मोर्चे काढले, मग 1 ऑगस्ट 2015 ला बहुतेकांचा एलबीटी सुटला आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी दारात हजर. प्रोफेशनल टॅक्स 1975 चा, रोजगार हमीसाठी म्हणून आणलेला, पन्नाशी झाली तरी पगारातनं वर्षाला 2500 कापतोयच, रिटायरमेंटचं नाव नाही. 2015 ला दुष्काळ म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागं 2 रुपये सेस, म्हणजे वरचा जादा कर, बसवला. 2019 ला कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली, मारुती चौकात होड्या फिरल्या, अख्खी पेठ पाण्यात, पण पेट्रोलवरचा सेस काय वाहून गेला नाही. पोहायला येतंय त्याला.

बेदाण्याचं तर विचारूच नका. शेतकऱ्यानं स्वतः विकला तर जीएसटी नाही, तोच व्यापाऱ्यानं विकला की 5 टक्के. हे एवढं स्पष्ट करायला डिसेंबर 2024 ची जीएसटी कौन्सिलची मीटिंग उजाडली, तोवर नोटिसा वाचत बसा, तेवढंच वाचन वाढतं.

आता खर्चाचं. मार्चमध्ये कधी गल्लीत उभं राहून बघा, चांगले धडधाकट पेव्हिंग ब्लॉक उचकटून ट्रॉलीत भरतात आणि तिथंच, त्याच मापाचे, फक्त लाल रंगाचे नवीन बसवतात. आमच्यातल्या एका काकांनी सुपरवायझरला विचारलं, अहो चांगले होते की, तर म्हणाला, "निधी लॅप्स होतो ओ काका." बरं मग शेजारचं गटार तुंबलंय, त्याला लावा की तो निधी. "त्याचं हेड, म्हणजे बजेटातलं खातं, वेगळं आहे, त्यात पैसे नाहीत." झालं, काका घरपट्टी भरायला गेले, लाईनीत नंबर जाईल म्हणून.

तुम्ही असं काय विचारू नका. उगाच बीपी वाढतो, आणि औषधावर परत टॅक्स.

राज्याच्या कर्जाचंही मनावर घेऊ नका. 2025-26 च्या बजेटात आकडा 9 लाख कोटींच्या वर दाखवलाय, पण ते नातवानं फेडायचंय, तुमचं काय जातंय? महिन्याला खात्यात लाडक्या बहिणीचे 1500 पडले की स्टेटस ठेवा, आणि ते कुणाच्या खिशातनं आले हे विचारणाऱ्याला गरिबांचा दुश्मन म्हणून ग्रुपमधनं रिमूव्ह करा.

बाकी पुढचा टॅक्स कधी येणार हे ओळखायचं असेल तर ज्योतिषाकडं जायची गरज नाही, चौकात नवीन योजनेचा फ्लेक्स लागला की त्यावरचे फोटो मोजा, आणि त्याच दिवशी गाडीची टाकी फुल करून ठेवा.