शुभेच्छा नेमकी कोणासाठी?

आमच्या भागातल्या चौकात विजेच्या खांबाला वाढदिवसाचा एक फ्लेक्स बांधलेला आहे. मध्यभागी गॉगल घालून कानाला मोबाईल लावलेली उत्सवमूर्ती, वर नेत्यांच्या चेहऱ्यांची रांग आणि खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून टिकलीएवढ्या छायाचित्रांच्या दोन ओळी. ज्याचा वाढदिवस आहे त्याला या शुभेच्छा घरी जाऊनही देता आल्या असत्या. चौकात त्या वाचणार आहेत सिग्नलला थांबलेली माणसे. म्हणजे ही जाहिरात आहे, आणि तीही शुभेच्छुकांची.

जाहिरातीशी माझे वैर नाही. साबणवाला साबण विकतो आहे हे आपल्याला ठाऊक असते आणि तो व्यवहार उघड असतो. इतकेच कशाला, वर्तमानपत्रात पैसे भरून छापलेली निधनाची चौकट हीदेखील जाहिरातच. पण ‘दशक्रिया विधी रामकुंड, पंचवटी येथे सकाळी ८ वाजता’ एवढ्या ओळीवरून वर्षानुवर्षे न भेटलेला वर्गमित्र, निफाडचा दूरचा भाचा किंवा एखादा जुना भाडेकरू गोदाकाठी येऊन उभा राहतो.

शेजारचे काका गेले तेव्हा मात्र कोपऱ्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लागला. त्यावर काकांच्या छायाचित्राएवढेच मोठे, हात जोडलेले छायाचित्र एका इच्छुक उमेदवाराचे होते. (महापालिका निवडणुकीचे वारे तेव्हा वाहत होते, हे वेगळे सांगायला नको.) काकूंना भाजी आणायला त्याच्याखालूनच जावे लागे. तेरावे उरकले तरी तो तसाच राहिला, पावसात एका बाजूची दोरी सुटून काकांचा चेहरा अर्धा दुमडला आणि शेवटी त्यांच्या मुलानेच शिडी लावून तो उतरवला. त्या दिवसांत त्यांच्या घरी येऊन बसलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावे त्या फ्लेक्सवर नव्हती.

फलकांसाठी १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेल्यावर आकार आणि परवानगीची चर्चाही पुष्कळ झाली. ती आवश्यकच होती. परंतु फलकावरचे दुःख खरे की मिरवण्याचे, हे कोणत्या परवान्यात तपासणार?

आणि सगळा दोष पुढाऱ्यांच्या माथी मारणेही बरोबर नाही, कारण ज्या आईच्या हातात अजून साधा बटणांचा फोन आहे, तिच्या वाढदिवसाचे स्टेटस आपण सकाळी उठल्याउठल्या ठेवतो आणि ते कोणी कोणी पाहिले हे दुपारपर्यंत तपासत राहतो.

आमच्या सोसायटीत कोणी गेले तर फ्लेक्स न लावता सूचनाफलकावर नाव, विधीची जागा आणि वेळ एवढेच लिहावे, असा प्रस्ताव मी दिला आहे. ‘निदान कमिटीचा फोटो तरी राहू द्या’ असा दोघांचा आग्रह आहे. बैठक रविवारी आहे.