हेगच्या निकालाबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

‘हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने गॅबॉन आणि इक्वेटोरियल गिनीची सागरी हद्द आखली, समुद्रातलं तेल गिनीला दिलं’ असा, आफ्रिकेतल्या या दोन शेजारी देशांबद्दलचा मेसेज फिरतोय. तसं झालेलं नाही.

१९ मे २०२५ चा निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहे. दोन्ही देशांनी २०१६ च्या करारात एवढंच विचारलं होतं की, सीमेबाबत कोणते दस्तऐवज कायद्याने ग्राह्य? हद्द आखायला सांगितलंच नव्हतं. गॅबॉनचा आधार असलेला, दोन देशांमधला १९७४ चा बाटा करार ग्राह्य ठरला नाही. एम्बानिए, कोकोतिए, कोंगा ही बेटं आधी तिथे राज्य करणाऱ्या स्पेनच्या वारशाने इक्वेटोरियल गिनीची ठरली. जमिनीवरच्या सीमेसाठी मात्र फ्रान्स आणि स्पेन या तेव्हाच्या राज्यकर्त्यांमधला १९०० चा पॅरिस करार कायम. एम्बानिएवर १९७२ पासून गॅबॉनचे सैनिक असल्याने विषय नाजूक आहे. शेजाऱ्यांनी बंदुकीऐवजी न्यायालय निवडलं, हे मला फार मोलाचं वाटतं. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.