चुकून आलेले मेल आणि माझा चुकलेला परोपकार

जळगावच्या एमआयडीसीत आमचा प्लास्टिकच्या चटया विणण्याचा छोटा कारखाना आहे. त्याला कुलदेवीचे नाव आहे आणि 2016 साली मी त्याच नावाचे 'डॉट इन' डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात '@' नंतर येणारे नाव, घेतले. कुलदेवीच्या नावाने देशात आणखी किती कारखाने असतील, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही. दुसऱ्या राज्यात याच नावाची, आमच्या कितीतरी पट मोठी कंपनी आहे आणि तिचे डोमेन 'डॉट सीओ डॉट इन' असे आहे. तिच्याशी व्यवहार करणारी माणसे घाईत मधला 'सीओ' गाळतात आणि त्यांचे मेल जळगावात येऊन पडतात.

पहिल्या वर्षी त्याची गंमत वाटली. पुढे त्यांत खरेदीच्या ऑर्डरी, पगाराच्या स्लिपा, आधार कार्डांच्या प्रती आणि एकदा तर कुणाच्या तरी आईचे रुग्णालयातील अहवाल आले, तेव्हा गंमत संपली. प्रत्येक मेलच्या तळाशी इंग्रजीत एक परिच्छेद असतो, की हा मजकूर चुकून आपल्याकडे आला असल्यास तो न वाचता नष्ट करावा. सगळा मजकूर वाचून झाल्यावर खाली ही सूचना भेटते, हे ती लिहिणाऱ्या वकिलांच्या लक्षात कसे येत नाही, कोण जाणे.

माझे मामा पांझरेकाठच्या नेर गावी पोस्टमन होते. यवतमाळ जिल्ह्यातही एक नेर आहे, त्यामुळे तिकडची पत्रे इकडे येण्याचा अनुभव त्यांना जुना होता. 15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड सुरू झाला तो याच घोळावर उपाय म्हणून, तरी पिनकोड न लिहिणारे लोक राहिलेच. अशा पाकिटावर मामा शेरा मारून ते परत पाठवत. आत काय असेल असे आम्ही मुलांनी विचारले, की ते म्हणत, "दुसरानी चिठ्ठी आपन कशाले वाचानी?" मी मात्र शिकलासवरलेला असल्यामुळे मामांपेक्षा शहाणपणा करायला गेलो. आलेला प्रत्येक मेल मी त्या कंपनीच्या खऱ्या पत्त्यावर पुढे पाठवू लागलो आणि हे सत्कार्य दोन वर्षे चालले.

त्यातून काय झाले ते सांगतो. पाठवणाऱ्याला आपली चूक कधी कळलीच नाही. त्याचे काम होत होते, म्हणून तो पुढच्या वेळीही तोच चुकीचा पत्ता वापरत राहिला. रोजचा पाऊण तास वाचावा म्हणून मी मेल आपोआप पुढे जाण्याचा नियम लावला, तर मेल ज्या सर्व्हरवरून, म्हणजे मेलची ने-आण करणाऱ्या संगणकावरून, निघायला हवा त्याऐवजी आमच्या सर्व्हरवरून पोहोचू लागल्यामुळे तपासणीत नापास होऊन त्यांतले बरेच मेल त्या कंपनीच्या स्पॅममध्ये जाऊ लागले. आणि सर्वांत भयंकर गोष्ट म्हणजे त्या कंपनीचे लेखापाल माझ्याकडून आलेली बिले बिनदिक्कत मंजूर करू लागले. बिलावरचा बँक खात्याचा क्रमांक बदलून पैसे लंपास करण्याची फसवणूक आता सर्रास होते. माझा मेलबॉक्स कुणी हॅक केला असता, तर त्या फसवणुकीचा रस्ता मीच बांधून दिलेला होता.

डोळे उघडले ते एका मुलीमुळे. त्या कंपनीत तिची निवड झाली होती आणि सात दिवसांत होकार कळवायचा होता. तिने होकार कळवला, पण तो आमच्याकडे आला. मी लग्नसराईच्या ऑर्डरींत बुडालेलो असल्यामुळे तो तीन आठवड्यांनी पाहिला. मेलमध्ये तिचा क्रमांक होता, म्हणून फोन केला. तोवर त्या जागी दुसरे कुणी रुजू झाले होते. तिचा मेल आमच्या सर्व्हरने दारातच नाकारला असता, तर बहुधा मिनिटाभरात तिला ते कळले असते आणि तिने पत्ता पुन्हा पाहिला असता. आमच्या सर्व्हरने तो मुकाट्याने घेतला, म्हणून ती उत्तराची वाट पाहत बसली.

मेल पोहोचवणारी यंत्रणा डोमेनच्या नोंदीत त्याचा मेल कोणता सर्व्हर घेतो एवढेच पाहते. मालक कोण, पाठवणाऱ्याच्या मनात कोण होते, याच्याशी तिला कर्तव्य नसते. ते डोमेन कुणीच घेतलेले नसते, तर मेल परत गेला असता. त्यातून आमचे संकेतस्थळ करणाऱ्या मुलाने 'कॅच-ऑल' ही सोय चालू करून ठेवली होती. म्हणजे '@' च्या आधी काहीही लिहा, मेल आत येणारच. एखाद्या ग्राहकाने आमचे नाव चुकीचे लिहिले तरी ऑर्डर हातची जाऊ नये, असा त्याचा हेतू होता. त्या सोयीने ऑर्डरी किती मिळाल्या ते आठवत नाही.

ही केवळ चटईवाल्यांची अडचण नाही. अमेरिकी सैन्याचे पत्ते 'डॉट मिल' ने संपतात आणि माली या देशाचे 'डॉट एमएल' ने. मालीचे डोमेन सांभाळणाऱ्या एका डच उद्योजकाने 2023 च्या जानेवारीपासून जुलैपर्यंत असे चुकलेले सुमारे 1 लाख 17 हजार मेल जमा केले, आणि त्यांत एका अमेरिकी सेनाप्रमुखांच्या इंडोनेशिया दौऱ्यातील हॉटेलच्या खोल्यांचे क्रमांकसुद्धा होते. बातमी फुटल्यावर अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सांगितले, की खात्याच्या स्वतःच्या पत्त्यांवरून मालीकडे निघालेला मेल बाहेर पडण्याआधीच अडवला जातो. मात्र खासगी पत्त्यांवरून लिहिणाऱ्यांना कोण अडवणार?

शेवटी मी कॅच-ऑल बंद केले. आता माझ्याकडे नसलेल्या नावाचा मेल आत येतच नाही. तो आधी स्वीकारून नंतर परत पाठवणे वेगळे आणि दारातच नाकारणे वेगळे, हे इथे सांगायला हवे, कारण स्पॅम पाठवणारे खोटे पत्ते लावतात आणि स्वीकारून परत पाठवलेला मेल भलत्याच निरपराध माणसाच्या गळ्यात पडतो. 'आपला मेल चुकीच्या ठिकाणी आला आहे' असे आपोआप उत्तर धाडण्याची सूचना मी याच कारणासाठी मानली नाही.

पण 'इन्फो', 'सेल्स' आणि 'अकाउंट्स' ही नावे दोन्हीकडे होती आणि ती नाकारायची तर आमचेच ग्राहक बाहेर राहिले असते. म्हणून मी ती सोडून दिली. आता आमची विक्री 'चटईविक्री' या नावावर चालते आणि हिशेब 'जळगावहिशेब' या नावावर. जुने पत्ते सहा महिने चालू ठेवून आमच्या प्रत्येक व्यापाऱ्याला फोन केला आणि मग तेही बंद केले.

मोठ्या कंपनीबद्दल माझी तक्रार आहे. माझे डोमेन त्यांनी 2016 पूर्वी स्वतः घेऊन ठेवले असते, तर वर्षाला हजाराच्या आसपास रुपयांत हा सगळा प्रकार टळला असता. त्याऐवजी त्यांच्या एका अधिकाऱ्याने मला डोमेन 'सोडून देण्याविषयी' दमात घेतले. 'डॉट इन' च्या वादांसाठी निवाड्याची रीतसर पद्धत आहे आणि तिथे समोरच्याचा त्या नावावर हक्क नाही व त्याचा हेतू वाईट आहे, हे तक्रारदाराला दाखवावे लागते. कुलदेवीच्या नावाने चटया विकणाऱ्याचा वाईट हेतू त्यांनी खुशाल सिद्ध करावा, असे मी कळवले. त्यावर उत्तर आले नाही. निदान माझ्याकडे तरी आले नाही.

जुनी बिलबुके अजून शिल्लक आहेत. त्यांच्यावरचा 'इन्फो' खोडून आमच्या मुनीमजींना रोज हाताने नवा पत्ता लिहावा लागतो आणि ते काम करताना ते माझ्याकडे ज्या नजरेने पाहतात, ती मी निमूटपणे सोसतो.