कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते

‘कोंबडा ठेवल्याशिवाय कोंबडी अंडी देत नाही, आणि दिलंच तर ते पोकळ, खायला निरुपयोगी,’ असा मेसेज परसातल्या कोंबडीपालनाच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

अंडं तयार व्हायला कोंबडा लागत नाही. तलंग, म्हणजे अजून अंडी न घातलेली तरुण कोंबडी, वयात आली, साधारण पाच-सहा महिन्यांची झाली, की ती आपोआप अंड्यावर येते. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी. कोंबड्यामुळे फळलेलं अंडं खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली ठेवलं तर २१ दिवसांत पिल्लू बाहेर येतं. न फळलेल्यातून येणार नाही, एवढाच फरक. खाण्यासाठी दोन्ही सारखीच. दुकानातली पांढरी अंडी तर जवळपास सगळी कोंबड्याविनाच घातलेली असतात, आणि ती आपण बिनतक्रार खातो!

मग नवख्यांची कोंबडी अंडी का देत नाही? बहुतेकदा ती वयात आलेली नसते, किंवा ती खुडूक असते: खुराड्यात ठाण मांडून, पिसं फुगवून, हात नेला की टोचते. पिसं गाळत असली तरी अंडी थांबतात. दिवस लहान झाले की कमी होतात. नुसत्या तांदळाच्या कणीवरही भागत नाही. प्रथिनं हवीत, आणि कवचासाठी शिंपल्याचा चुरा. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, त्यामुळे रोज अंड्याची अपेक्षाच चुकीची.

शहरात तर कोंबडा न ठेवलेलाच बरा. पहाटे चारला तो आरवला की शेजारी दारात हजर.