म्हणे, एका गाण्याचे शाहीर!

महाराष्ट्र दिन जवळ आला की एक मजकूर हमखास फिरतो: ‘शाहीर साबळे यांनी लिहिलेलं आणि स्वरबद्ध केलेलं जय जय महाराष्ट्र माझा. या एका गाण्यानं त्यांना अमर केलं. बाकी त्यांनी जुनीच लोकगीतं गायली.’ भावना चांगलीच आहे. पण तीन वाक्यं, आणि तिन्ही चुकीची!

पहिलं सोपं आहे. गीत राजा बढे यांचं, चाल श्रीनिवास खळे यांची. साबळ्यांचा तो आवाज. २०२३ मध्ये, साबळ्यांच्या जन्मशताब्दीतच, हे राज्यगीत झालं, तेव्हा निदान बढे आणि खळे ही नावं घरोघरी जायला हवी होती.

‘एकच गाणं’ म्हणणाऱ्यानं ‘विंचू चावला’ ऐकलेलं नसावं, किंवा ऐकून ते कोणाचं हे विचारलं नसावं. संत एकनाथांचं हे भारूड. विंचू म्हणजे काम-क्रोध, उतारा सत्त्वगुणाचा. साबळे ते म्हणतात तेव्हा आधी खरंच कोणाला तरी नांगी लागल्यासारखं वाटतं. तो कण्हण्याचा, विव्हळण्याचा सूर ऐकून आपण हसतो, आणि हसता हसता अर्थ कधी डसला ते कळत नाही. नुसत्या गोड गळ्याचं हे काम नव्हे, त्याला सोंग आणता यावं लागतं.

आणि सोंगाचंच बोलायचं तर साबळ्यांची मुक्तनाट्यं, म्हणजे लोकनाट्याच्या मोकळ्या ढंगाची नाटकं, कुठे गेली? ‘यमराज्यात एक रात्र’, ‘आंधळं दळतंय’... आंधळं दळतं आणि पीठ कोण खातं, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. मुंबईत मागे पडत चाललेल्या मराठी माणसाचं दुखणं साबळ्यांनी साठच्या दशकात ‘आंधळं दळतंय’मधून तमाशाच्या बाजानं रंगमंचावर मांडलं. त्या नाट्याच्या राजकारणाशी तुमचं जमो न जमो, पण ते वगळून या माणसाची कारकीर्द सांगताच येत नाही.

राहिलं ‘जुनीच लोकगीतं’. पत्नी भानुमती यांनी लिहिलेली गाणीही ते गायले, ती जुनी कशी? आणि जुनं जे होतं, ते तरी रंगमंचावर आपोआप चालत आलं का? गोंधळ देवीसमोर व्हायचा, वासुदेव पहाटे दारात यायचा, कोळीगीत किनाऱ्यावर. ज्याची त्याची जागा ठरलेली, वेळही ठरलेली. ते सगळं तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांसमोर दोन-तीन तासांत उभं करायचं आणि तरी त्याचा मूळ रंग उतरू द्यायचा नाही, हा साबळ्यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमाचा खटाटोप होता. भरत जाधव, केदार शिंदे (हा तर नातूच) याच तालमीतले.

सातारा जिल्ह्यातल्या पसरणी गावच्या या माणसाला १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली, ती काही एका गाण्यासाठी नव्हे.

येत्या १ मेला तो मजकूर पुन्हा येईलच. मी उत्तरादाखल ‘विंचू’ पाठवणार आहे.