कोळशाचा वायू आणि फ्युएल सेल: अर्धाच हिशेब

“कोळसा जाळू नका. त्याचा वायू करा आणि सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलमध्ये सोडा. कार्बन नाही, कार्यक्षमता 60 टक्के. जपानने करून दाखवलंय.” हा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. फ्युएल सेल म्हणजे इंधन न जाळता रासायनिक क्रियेतून थेट वीज बनवणारं उपकरण. हे तंत्रज्ञान मला मनापासून आवडतं, म्हणूनच उत्तर देतो आहे.

“कार्बन नाही” हे साफ चूक. ज्वाला नसली तरी सेलमध्ये कोळशाच्या वायूतल्या कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइडच होतो. एक किलो कार्बनचा सुमारे 3.67 किलो, चुलीत घाला नाहीतर सेलमध्ये. फायदा आहे तो वेगळाच: अ‍ॅनोडकडून (सेलच्या ज्या टोकाला इंधन पोचतं तिथून) निघणाऱ्या वायूत हवेतला नायट्रोजन मिसळलेला नसतो, म्हणून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढणं सोपं जातं. पण तो काढावा आणि साठवावा लागतोच.

खरी मेख “सोडा” या शब्दात आहे. सेलचा अ‍ॅनोड म्हणजे निकेल आणि झिरकोनिया या सिरॅमिकची सच्छिद्र जाळी, तापमान साधारण 700 ते 1000 अंश. कोळशाच्या वायूबरोबर गंधक, फॉस्फरस, आर्सेनिकही येतात. गंधक निकेलच्या पृष्ठभागावर चिकटतं, व्होल्टेज उतरतं. स्वच्छ वायू दिला की बरंचसं पुन्हा चढतं. आर्सेनिकचं तसं नाही. ते निकेलशी संयोग पावतं. वायू शिरतो त्या बाजूने निकेल आर्सेनाइडचा थर आत आत सरकत जातो आणि वीज वाहून नेणारी निकेलची सलग साखळी तुटते. मग वायू कितीही धुऊन दिला तरी ती जुळत नाही. म्हणून निम्मं यंत्र वायू धुण्याचंच असतं.

60 टक्के? तो हिशेब सेलमध्ये शिरलेल्या इंधनाचा. कोळशाचा वायू करताना आणि त्यासाठी हवेतून ऑक्सिजन वेगळा काढताना गेलेली ऊर्जा त्यात धरलेलीच नाही.

राहिलं जपान. हिरोशिमा प्रांतातल्या ओसाकीकामिजिमा बेटावरचा तो प्रकल्प मोलाचा आहे. पण तिथला 166 मेगावॅटचा मुख्य संच गॅस आणि वाफेच्या टर्बाइनवर चालतो. फ्युएल सेल होते 600 किलोवॅटचे दोन. त्यांनाही कार्बन डायऑक्साइड काढून घेतलेला, हायड्रोजनने भरलेला वायू दिला होता. पुढच्या 500 मेगावॅटच्या संचासाठी त्यांनी ठेवलेलं लक्ष्यही 90 टक्के कार्बन डायऑक्साइड पकडून 47 टक्के कार्यक्षमतेचं आहे.