‘अथेन्स एका दिवसात होतं’ म्हणणाऱ्यांना

सुट्ट्या जवळ आल्या की ट्रॅव्हल ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरतो: “अथेन्सला एक दिवस खूप झाला. अ‍ॅक्रोपोलिस बघा, फोटो काढा. बाकी नुसते दगड आहेत. चांगलं होतं ते इंग्रजांनी लंडनला नेलं. म्युझियममध्ये वेळ घालवू नका, सरळ सँटोरिनी बेट गाठा.” सांगणारे बहुतेक जण स्वतः जाऊन आलेले असतात, म्हणून ऐकणारे मान डोलावतात. एकेक मुद्दा घेऊ.

लंडनचा आधी, कारण तो अर्धा खरा आहे. अ‍ॅक्रोपोलिसच्या टेकडीवरचं मुख्य मंदिर म्हणजे पार्थेनॉन. त्याची जी शिल्पं आज शिल्लक आहेत त्यांतली साधारण निम्मी ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी १८०१ पासून ती उतरवली, १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने विकत घेतली. पण म्हणून अथेन्समध्ये काही उरलं नाही, हे कुठून आलं? २००९ मध्ये उघडलेल्या अ‍ॅक्रोपोलिस म्युझियमचा सगळ्यात वरचा मजला मंदिराच्या दिशेशी जुळवून, जरा तिरका बसवलाय. मंदिराभोवतीच्या मिरवणुकीचा शिल्पपट्टा तिथे मूळ क्रमाने लावलाय. अस्सल संगमरवर काळाने पिवळसर झालेला, आणि लंडनला गेलेल्या तुकड्यांच्या जागी प्लास्टरच्या पांढऱ्याफटक नकला. काय राहिलं आणि काय गेलं, हे चालता चालता कळतं. काचेबाहेर खुद्द पार्थेनॉन. शिवाय टेकडीवरच्या एरेक्थिऑन या दुसऱ्या मंदिराचा सज्जा डोक्यावर पेलणाऱ्या ज्या सहा दगडी बायकांसमोर सगळे फोटो काढतात, त्या सहाही नकला आहेत. मूळच्या पाच खाली म्युझियममध्ये, एक लंडनला. म्युझियम टाळणाऱ्यांनी आपले फोटो एकदा पुन्हा बघावेत.

आता ‘नुसते दगड’. पार्थेनॉन इ.स.पू. ४४७ ते ४३२ मध्ये उभं राहिलं. पुढे त्याचं चर्च झालं, मशीद झाली, पण दोन हजारांहून जास्त वर्षं त्याचा सांगाडा टिकून होता. १६८७ मध्ये तुर्कांनी आत दारूगोळा साठवलेला असताना व्हेनिसच्या फौजेचा तोफगोळा येऊन पडला आणि मधला भाग उडाला. म्हणजे आज दिसते ती म्हातारपणाची पडझड कमी आणि एका संध्याकाळचा स्फोट जास्त. इतकं माहीत असलं तरी त्या दगडांकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं.

आणि दगड नकोच असतील तर टेकडी उतरून अगोरात, म्हणजे जुन्या शहराच्या बाजारचौकात जा. पंधरा-वीस मिनिटांची चाल. तिथलं हेफेस्टसचं मंदिर पार्थेनॉनपेक्षा कितीतरी धड अवस्थेत आहे, गर्दीही तुलनेने कमी. पण माझ्या मते खरा ऐवज अटालसच्या स्टोआत आहे. ही लांबलचक ओसरी १९५०च्या दशकात जुन्या पायावर नव्याने बांधली, आत छोटं म्युझियम आहे. एका कपाटात ब्राँझच्या चकत्या दिसतील, मधोमध आस असलेल्या. या प्राचीन अथेन्सच्या न्यायालयातल्या मतपत्रिका. पोकळ आस म्हणजे फिर्यादीच्या बाजूने, भरीव म्हणजे आरोपीच्या. पंचाने आसाची दोन्ही टोकं बोटांच्या चिमटीत झाकून चकती टाकायची, म्हणजे मत कुणाला दिलं ते शेजाऱ्याला दिसत नाही. जवळच खापरं आहेत, शहरातून कुणाला हाकलायचं याच्या मतदानासाठी त्याचं नाव खरवडलेली. अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याच्या नावाची १९० खापरं सापडली, आणि अक्षरं मोजक्याच हातांची! आधीच लिहून वाटण्यासाठी तयार ठेवलेला माल असणार. आपल्याकडच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला गाइड लागत नाही.

एक दिवसाचं गणित तर व्यवहारातही बसत नाही. अ‍ॅक्रोपोलिसला आता वेळेचा स्लॉट धरून तिकीट काढावं लागतं, दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे. एप्रिल २०२५ पासून तिकीट ३० युरो झालं आणि सगळ्या स्थळांचं मिळून जे एकत्र तिकीट होतं ते बंद झालं. जुन्या पोस्टी अजून तेच घ्यायला सांगतात. त्यात २०२३, २०२४ आणि २०२५ च्या उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेत टेकडी दुपारची बंद ठेवावी लागली. हातात एकच दिवस आणि स्लॉट दुपारचा, म्हणजे बसा बोंबलत. दोन-तीन दिवस असले की सकाळचा पहिला स्लॉट धरता येतो, दुपार म्युझियमच्या गारव्यात जाते, आणि संध्याकाळी प्नीक्सच्या टेकडीवर फुकट बसता येतं. प्राचीन अथेन्सच्या नागरिकांची सभा भरायची ती हीच जागा, अ‍ॅक्रोपोलिस समोर.

एक मात्र मान्य. ‘अथेन्सहून डेल्फीचं प्राचीन देवस्थान एका दिवसात’ या मोहाला तीन दिवसांच्या सहलीत मीही बळी पडणार नाही. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या वर होतात, अर्धा दिवस बसमध्येच जातो. त्यापेक्षा सुनिऑनच्या भूशिरावरचं समुद्रदेव पोसायडनचं मंदिर सोपं, साधारण ७० किलोमीटर, दुपारी निघून सूर्यास्ताला पोचता येतं.

राहता राहिली सँटोरिनी. जा की, कोण अडवतंय? पण तिथे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेलं अक्रोतिरी बघायला निघाला असाल, तर त्या गावातली गाजलेली भित्तिचित्रं, बॉक्सिंग खेळणारी दोन पोरं, वसंतातल्या लिली आणि पाकोळ्या, अथेन्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तू संग्रहालयात आहेत. त्याच म्युझियममध्ये, जिथे वेळ घालवू नका म्हणून सांगितलं होतं.